वसाहतीचे नूतनीकरण आणि रहिवाशांचा सहभाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सार्वजनिक मालकीच्या, वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेल्या गृहवसाहतींचे नूतनीकरण निघाले की रहिवासी मंडळे, कर्मचारी आणि वास्तुरचनाकार पुन्हा पुन्हा विचारतात ते हे प्रश्न. ‘यंत्रणा’ म्हणजे घरांची मालक असलेली संस्था: नगरपालिका, गृहनिर्माण मंडळ किंवा तत्सम कोणीही.

१. सहभाग म्हणजे नेमकं काय? बैठक घेतली, हजेरीपटावर सह्या घेतल्या की झालं?

नाही. शेरी अर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासकांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, ती अजून उपयोगी पडते. तळाच्या दोन पायऱ्यांवर लोकांची नुसती समजूत काढली जाते. मधल्या तीन पायऱ्यांवर माहिती देतात, मत विचारतात, एकदोघांना समितीवर घेतात, पण निर्णय दुसरेच करतात. वरच्या तीन पायऱ्यांवर अधिकार खरोखर वाटला जातो.

सगळे निर्णय एकाच पायरीवर असण्याची गरज नाही. लिफ्टच्या मोटरची क्षमता अभियंत्याने ठरवावी आणि कळवावी. आवारात बाके कुठे आणि खेळायची जागा कुठे, हे रहिवाशांनी ठरवावे. घरे पाडायची की दुरुस्त करायची, यावर मतदान व्हावे. कोणता निर्णय कोणत्या पायरीवर आहे हे आधी सांगितले नाही, तर लोक सल्ल्यालाच आश्वासन समजतात आणि पुढे फसवले गेल्याची भावना होते. ती चुकीची नसते.

२. अभियंते, वास्तुरचनाकार असताना सामान्य माणसाला काय विचारायचं?

इमारत वर्षभर कशी वागते, हे. ओलीचे उदाहरण घ्या. पाहणी कोरड्या महिन्यात झाली तर ओल मोजणारे यंत्र काहीच दाखवत नाही आणि अहवालात ‘दोष आढळला नाही’ असे लिहिले जाते. त्या घरात राहणारी बाई मात्र सांगू शकते की वाऱ्यासह पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी खिडकीखाली डाग उमटतो. तसे असेल तर दोष बाहेरच्या भिंतीत किंवा चौकटीच्या सांध्यात. थंडीत सकाळी कोपऱ्यात आणि कपाटामागे बुरशी धरत असेल तर बाष्प साठते आहे, हवा खेळत नाही. डाग बारा महिने तेवढाच आणि न्हाणीघराला लागून असेल तर नळ फुटला आहे. तिन्हींचे उपाय वेगळे आणि खर्चही वेगळे. बाष्पाची तक्रार असताना भिंतीला बाहेरून जलरोधक रंग दिला तर पैसे वाया जातात आणि पुढच्या थंडीत बुरशी परत येते. म्हणून प्रत्येक घराला एक साधा तक्ता द्या: तारीख, पाऊस होता का, कोणती भिंत, जमिनीपासून किती उंचीवर. सगळे ऋतू झाले तर उत्तम, निदान एक पावसाळी आणि एक थंड महिना तरी.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीतल्या रहिवाशांनी आगीच्या धोक्याबद्दल आधीच इशारे दिले होते. नूतनीकरण होऊन फार दिवस झाले नव्हते, तोच जून २०१७ च्या आगीत ७२ माणसे गेली. त्यानंतर इंग्लंडमध्ये २०२२ चा इमारत सुरक्षा कायदा आला. १८ मीटर किंवा सात मजले आणि त्याहून उंच निवासी इमारतींमध्ये रहिवाशांना सुरक्षेच्या निर्णयांत कसे सामील करणार, याचा लेखी आराखडा आता तिथे बंधनकारक आहे. रहिवाशाची तक्रार ही तांत्रिक माहिती आहे, हे शिकायला फार मोठी किंमत मोजावी लागली.

३. लोकांकडे कधी जायचं? आराखडा तयार झाल्यावर ना, म्हणजे दाखवायला काहीतरी असेल?

तोवर उशीर झालेला असतो. तयार आराखड्यावर लोक फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकतात. ब्रिटिश न्यायालयांनी १९८५ पासून सल्लामसलतीच्या चार कसोट्या मान्य केल्या आहेत: प्रस्ताव घडत असतानाच विचारा, विचार करता येईल इतकी माहिती द्या, पुरेसा वेळ द्या आणि आलेली मते निर्णयापूर्वी मनापासून विचारात घ्या. इतर देशांतही या चारांवर काम तपासून पाहता येते.

दाखवायला आराखडा नको, एक पानाचा निर्णयतक्ता हवा. तीन रकाने करा: काय ठरले आहे आणि कोणी ठरवले, काय खुले आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत, काय अजून कोणालाच माहीत नाही. तिसऱ्या रकान्याची भीती वाटते, पण विश्वास त्यानेच मिळतो. हा कागद प्रत्येक जिन्यात लावा आणि बदलला की तारीख टाकून नवा लावा.

४. बैठकीला दहा माणसंसुद्धा येत नाहीत. लोकांना रसच नाही, असं समजायचं का?

रस असतो. संध्याकाळी सात वाजता, जिना उतरून, मूल कडेवर घेऊन, परक्या खोलीत बसायला वेळ नसतो, इतकेच. शिवाय याआधी दोन-तीनदा विचारून पुढे काहीच झालेले नसते. तेव्हा दारोदार जा.

दोघांची जोडी करा: एकाने बोलायचे, एकाने लिहायचे. जोडीतला एक शक्यतो त्याच वसाहतीतला असावा. प्रश्न चारच: इथे काय चांगले आहे, काय बिघडले आहे, काय बदलले तर तुम्ही इथेच राहाल, आणि तुम्हाला कसे कळवलेले आवडेल. एका घरी दहा मिनिटे धरली तर दोन तासांत साधारण बारा घरे होतात. २४० घरांच्या वसाहतीत ही वीस फेऱ्यांची बेगमी झाली. दार बंद मिळालेल्या घरी वेगवेगळ्या वेळी आणखी दोनदा जायचे, त्यासाठी दहा फेऱ्या वाढवा. तीन जोड्या असतील तर दहा संध्याकाळी पुरतात. बंद दाराच्या तिन्ही वेळा सकाळच्याच असतील तर ते तीनदा जाणे नव्हे. रात्रपाळीवाले, एकटे वृद्ध आणि दोन-दोन नोकऱ्या करणारे नेमके तिथेच सुटतात.

भाडे, थकबाकी, घरात किती माणसे राहतात, हे पहिल्या भेटीत विचारू नका. तसे विचारले की ही भाडेवसुलीची माणसे आहेत अशी बातमी अर्ध्या तासात वरच्या मजल्यापर्यंत जाते आणि पुढची दारे उघडत नाहीत.

मोठ्या सभेऐवजी जिन्यागणिक छोट्या बैठका घ्या. मुले सांभाळायला माणूस, गरज असेल तिथे दुभाषी आणि चाकाची खुर्ची आत जाईल अशी जागा, हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

५. बोलणारी तीच चार माणसं असतात. मग ते वसाहतीचं मत कसं म्हणायचं?

त्या चौघांवर रागावू नका. बाकीचे थकून गेले तेव्हाही ती टिकून राहिली. पण मत त्यांचे एकट्यांचे धरू नका. एक ताळेबंद ठेवा: एका बाजूला वसाहतीत कोण राहते (इमारत, वयोगट, भाडेकरू की मालक, घरची भाषा), दुसऱ्या बाजूला आतापर्यंत कोणाशी बोलणे झाले. दर पंधरा दिवसांनी दोन्ही बाजू जुळवा आणि पुढच्या फेऱ्या जिथे खड्डा दिसेल तिथे न्या.

बोलायला न लागणाऱ्या पद्धतीही हव्यात. टोनी गिब्सन यांनी १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये रुजवलेली पद्धत अशी: पुठ्ठ्यापासून वसाहतीचा मोठा नमुना करायचा, शक्यतो शाळेतल्या मुलांकडून. ‘इथे दिवा हवा’, ‘इथे गाड्या नकोत’, ‘इथे भीती वाटते’ अशा सूचनांची चिठ्ठीवजा पाने ठेवायची. लोक येतात, आपल्या दारापुढे पान ठेवतात आणि निघून जातात. नाव सांगावे लागत नाही, वादही घालावा लागत नाही. नमुन्यावर स्वतःचे घर ओळखू यावे एवढे प्रमाण घ्या. १:२०० ला दहा मजली इमारत साधारण पंधरा सेंटीमीटर उंच होते, ते पुरते. त्याहून लहान केला तर लोक नुसते बघून जातात.

समितीवर माणसे निवडताना चिठ्ठ्या टाकण्याचाही मार्ग आहे. फ्रान्सच्या २०१४ च्या कायद्याने वंचित वस्त्यांमध्ये नागरिक परिषदा आणल्या, तेव्हा रहिवासी सदस्यांसाठी चिठ्ठ्या आणि स्त्री-पुरुष समान संख्या ही दोन्ही तत्त्वे घातली.

६. लोक म्हणतात, “आधी लिफ्ट दुरुस्त करा, मग आराखडे दाखवा.” काय उत्तर द्यायचं?

ते बरोबर म्हणतात, म्हणून लिफ्ट दुरुस्त करा. पहिल्या दोन महिन्यांत करता येतील अशी आठ-दहा कामे दारोदारीच्या नोंदींतून निवडा: जिन्यातले दिवे, मुख्य दाराचे कुलूप, तुंबलेले पाइप, कचऱ्याची जागा. प्रत्येकाची तारीख जाहीर करा आणि पाळा. नूतनीकरणाच्या टेबलाशेजारीच रोजच्या दुरुस्तीचे टेबल ठेवा, म्हणजे गळक्या नळाची तक्रार ‘हा आमचा विषय नाही’ म्हणून परत जाणार नाही. मात्र दुरुस्तीच्या बदल्यात संमती मागू नका. दुरुस्ती हा भाडेकरूचा हक्क आहे आणि इमारत पुढे पाडायची असली तरी तोवर ती राहण्याजोगी ठेवणे यंत्रणेचे कामच आहे.

७. इमारतींची रचनाच वाईट आहे. पाडणं हाच उपाय नाही का?

हे ठरवण्याआधी पैशाचा हिशेब बघा. अमेरिकेतल्या सेंट लुई शहरातली प्रुइट-आयगो वसाहत, ११ मजली ३३ इमारती, १९७२ पासून पाडली गेली आणि दोष रचनेवर आला. रचनेत खोट होतीच. लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यालाच थांबे, बाकीच्यांना जिना चढावा-उतरावा लागे आणि ते जिने असुरक्षित होते. पण देखभालीचा खर्च भाड्यातून भागवायचा होता. घरे रिकामी होत गेली, राहिलेल्यांची मिळकत तुटपुंजी होती, भाडे वाढत गेले आणि दुरुस्ती थांबली. १९६९ मध्ये रहिवाशांनी भाडे बंद आंदोलनही केले. देखभालीचा पैसा न ठेवता नवी इमारत बांधली तर तीही त्याच वाटेने जाते.

दुसऱ्या टोकाला फ्रान्समधल्या बोर्दोची ग्राँ पार्क वसाहत. १९६० च्या दशकातल्या तीन इमारती, ५३० घरे. पाडण्याऐवजी बाहेरच्या अंगाला सुमारे ३.८ मीटर खोलीचे काचबंद सज्जे आणि बाल्कन्या जोडल्या, लिफ्ट सुधारल्या, आतली कामे केली, आणि हे सगळे रहिवासी आपापल्या घरात राहत असताना. या कामाला वास्तुरचनेसाठीचा २०१९ चा युरोपीय महासंघाचा मीस व्हान डेर रोह पुरस्कार मिळाला.

दुरुस्ती नेहमीच शक्य असते असे नाही. सांगाडाच गेला असेल तर गेला. पण रहिवाशांसमोर दोन्ही पर्याय सारख्या तपशिलाने मांडा: खर्च, मुदत, नंतरचे भाडे, किती घरे, किती दिवस बाहेर राहावे लागेल. एका पर्यायाची रंगीत चित्रे आणि दुसऱ्याची एक ओळ, ही निवड नव्हे. सांगाड्याचा अहवाल रहिवाशांनी निवडलेल्या स्वतंत्र अभियंत्याकडून तपासून घ्या, त्याचे शुल्क यंत्रणेने भरावे.

८. मतदान घ्यावं का? बहुमत किती धरायचं?

लोकांना घर सोडावे लागणार असेल तर घ्यावे. दोन नमुने पाहण्यासारखे आहेत. जुलै २०१८ पासून लंडनमध्ये महापौरांच्या निधीतून होणाऱ्या प्रकल्पात सामाजिक भाड्याची (म्हणजे बाजारापेक्षा कमी भाड्याची सार्वजनिक) घरे पाडून १५० किंवा अधिक घरे बांधायची असतील तर मतदान आवश्यक आहे. मतदार १६ वर्षांपुढचे: करारावर नाव असलेले सामाजिक भाडेकरू, निदान वर्षभर तिथे राहणारे मालक, आणि कोणत्याही प्रकारे तिथे राहणारे पण वर्षभर घरांच्या प्रतीक्षायादीवर असलेले लोक. मतदान निदान २१ दिवस चालते, स्वतंत्र संस्था ते घेते आणि मत देणाऱ्यांचे साधे बहुमत पुरते. सिंगापूरमध्ये सार्वजनिक घरांच्या अंतर्गत सुधारणेसाठी इमारतीतल्या पात्र नागरिक कुटुंबांपैकी निदान ७५ टक्क्यांनी होकार द्यावा लागतो. तिथे घर पाडायचे नसते, पण घरोघरी तोडफोड होते.

टक्क्यापेक्षा महत्त्वाचे असते ते मत कशावर मागितले हे. ‘तुम्हाला चांगले घर हवे का?’ याला कोण नाही म्हणेल? मतदानापूर्वी लेखी प्रस्ताव प्रत्येक घरी पोहोचला पाहिजे (त्यात काय हवे ते प्रश्न ९ मध्ये) आणि तो वाचायला तीन-चार आठवडे हवेत. मतदानानंतर त्यातले काही मोठे बदलले तर पुन्हा मत घ्यावे, हेही आधीच लिहून ठेवा. सगळ्यात जास्त कटुता नेमकी इथे येते.

९. काम झाल्यावर आम्हाला परत इथेच घर मिळेल, याची खात्री काय?

लेखी हमीखेरीज काही नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये सुरू झालेल्या होप सिक्स कार्यक्रमात बिकट अवस्थेतल्या सार्वजनिक वसाहती पाडून मिश्र उत्पन्नाच्या वसाहती उभ्या केल्या. एक घर पाडले तर एक बांधायचे, हे बंधन १९९५ मध्ये स्थगित झाले आणि १९९८ मध्ये रद्दच झाले. स्वस्त घरे कमी झाली, परतीच्या अटी कडक झाल्या, कामे लांबली, मुले दुसरीकडच्या शाळांत रुळली. मूळच्या रहिवाशांपैकी बरेचसे परतलेच नाहीत.

त्याआधी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या बायकर भागात वास्तुरचनाकार राल्फ अर्स्किन यांनी १९६९ नंतर वस्तीतच, एका जुन्या अंत्यविधी व्यावसायिकाच्या जागेत कार्यालय थाटले आणि दार उघडे ठेवले. रहिवाशांशी संवादाचे ते आजही उत्तम उदाहरण मानले जाते. तरी पाडकाम बांधकामापेक्षा वेगाने झाले आणि जुन्या वस्तीतले बहुतेक लोक पांगले. वेळापत्रक चुकले तर चांगला संवादसुद्धा लोकांना वस्तीत टिकवू शकत नाही.

म्हणून हमीपत्रात हे मागा: भाडे कोणत्या सूत्राने ठरेल, कुटुंबाच्या गरजेनुसार किती खोल्या, कराराचा प्रकार तोच राहील, स्थलांतराचा, पडद्यांचा, जोडण्यांचा खर्च कोण देईल, तात्पुरते घर किती अंतरावर, मुदत उलटली तर भरपाई काय, आणि परत येताना नवी पात्रता लावणार नाही हे स्पष्ट वाक्य. शक्य तिथे ‘एकदाच हलणे’ मागा: आधी मोकळ्या जागेवर पहिली इमारत बांधायची, लोक थेट नव्या घरात जायचे, मग रिकामी झालेली पाडायची. पहिली मोकळी जागा मिळवणे अवघड असते, पण त्यासाठी वर्षभर थांबावे लागले तरी थांबावे.

१०. आम्ही पोटभाडेकरू आहोत, करारावर नाव नाही. आम्हाला कोण विचारणार?

यंत्रणेने विचारलेच पाहिजे. तुम्हीही तोच जिना वापरता आणि घर सर्वांत आधी तुमचे जाते. पण इथे धोका खरा आहे. सहभागासाठी दिलेली माहिती भाडे विभागाकडे गेली तर बेघर होण्याची वेळ येऊ शकते. आवाराच्या रचनेसारख्या प्रश्नांवर मत नाव न देता घेता येते. नाव लागतेच तिथे ती नोंद बाहेरच्या संस्थेने ठेवावी आणि ती कोणाला दिसेल हे कागदावर आधी सांगावे. मतदानाचा हक्क नियमांवर अवलंबून असतो (प्रश्न ८), नव्या घराचा बहुधा मिळत नाही. तो मिळेल अशी आशा कोणी दाखवू नये. निदान पर्यायी घरासाठी मदत आणि पुरेशी आगाऊ सूचना मागावी.

११. आम्ही घर विकत घेतलं आहे. नुकसानभरपाईत तसंच घर कुठेच मिळणार नाही.

नेहमीची आणि रास्त अडचण. पडझड झालेल्या वसाहतीत बाजारभाव पडलेला असतो, त्या भावाने पैसे मिळाले तर शेजारच्या भागातही घर येत नाही. रोख रकमेऐवजी नव्या इमारतीत भागीदारी-मालकी मागा: जुन्या घराच्या किमतीएवढा हिस्सा तुमचा, उरलेला यंत्रणेकडे आणि त्या हिश्श्यावर भाडे नाही. मूल्यांकन कोणत्या तारखेचे धरणार आणि तुमच्या मूल्यांककाचे शुल्क कोण देणार, हे पहिल्याच पत्रात विचारा.

१२. सहभागी रहिवाशांना मानधन द्यावं का?

हो. बाकी टेबलाभोवती बसलेला प्रत्येक जण पगारावर आलेला असतो. नियमित समितीकाम, दारोदार फेऱ्या, दुभाषेपणा यांना तासाप्रमाणे द्या. एखाद्या सभेला हजर राहिल्याबद्दल नव्हे. शासकीय सहाय्य घेणाऱ्यांचे सहाय्य या रकमेने कापले जाईल का, हे आधी तपासा.

१३. खर्चाचे निर्णय रहिवाशांच्या हाती देता येतात का?

येतात. ब्राझीलच्या पोर्तु अलेग्री शहरात १९८९ पासून लोकसहभागाचे अंदाजपत्रक सुरू झाले. टोरोंटोच्या सार्वजनिक गृहनिर्माण संस्थेने २००१ पासून दुरुस्ती-सुधारणेच्या पैशाचा काही भाग भाडेकरूंनीच ठरवायचा, अशी पद्धत आणली. क्रम साधारण असा: रक्कम आधी जाहीर, मग सूचना, मग अभियंत्याने प्रत्येक सूचनेचा खर्च काढणे, मग मतदान. तिसरी पायरी गाळली की मते पडलेले काम पैशात बसत नाही आणि रद्द होते. रक्कम इतकी मोठी हवी की निदान एक काम डोळ्यांना दिसेल.

पूर्ण मालकीही लोकांनी घेतली आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधल्या वॉल्टरटन आणि एल्गिन वसाहतींची घरे विकण्याचा तिथल्या नगरपालिकेचा बेत होता. रहिवाशांनी १९८८ च्या गृहनिर्माण कायद्यातल्या तरतुदीचा आधार घेतला आणि १९९२ मध्ये ९२१ घरे स्वतःच्या संस्थेकडे आणली.

१४. रहिवाशांतच दोन तट पडलेत. एकाला गाड्यांची जागा हवी, दुसऱ्याला मुलांचं मैदान.

सभेत हात वर करून सोडवू नका. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहाला किती गाड्या उभ्या असतात ते आठवडाभर मोजा. मोजणी दोन्ही गटांनी मिळून करावी. मग खुणा आखून, तात्पुरत्या कुंड्या ठेवून महिनाभर एक रचना वापरून बघा. वाद पाडायचे की ठेवायचे असा मोठा असेल तर रहिवाशांचा स्वतंत्र सल्लागार हवा. त्याची निवड रहिवाशांनी मुलाखत घेऊन करावी आणि त्याने यंत्रणेला नव्हे, रहिवाशांना जबाबदार राहावे.

१५. आम्ही एवढं सांगितलं, अहवालात त्यातलं काहीच नाही. आता काय?

लेखी उत्तर मागा, तीन रकान्यांचे: तुम्ही काय सांगितले, आम्ही काय केले, केले नसेल तर का नाही. मते घेतल्यापासून चार आठवड्यांत ते प्रत्येक जिन्यात लागले पाहिजे. ‘खर्च परवडत नाही’ हे उत्तर चालते, पण किती खर्च आणि कोणी काढला ते सोबत हवे. ‘सूचनांची नोंद घेतली आहे’ हे उत्तर नव्हे. यंत्रणेतल्या लोकांसाठी: नकार पटत नसला तरी कारण कळले तर माणसे पुढच्या फेरीला दार उघडतात.

१६. निर्णय वरून, कायद्यानेच झाला असेल तर सहभागाला अर्थ उरतो का?

मर्यादित उरतो. डेन्मार्कमध्ये भाडेकरू लोकशाही जुनी आणि भक्कम आहे: प्रत्येक वसाहतीचे निवडून आलेले मंडळ, अंदाजपत्रक आणि भाडे रहिवाशांच्या सभेत मंजूर. तरीही २०१८ च्या कायद्याने सरकारी यादीतल्या काही वसाहतींमध्ये सामाजिक कुटुंबघरांचे प्रमाण २०३० पर्यंत ४० टक्क्यांवर आणायला सांगितले. तिथे ‘सामाजिक घरांचे प्रमाण कमी करायचे का?’ हा प्रश्न लोकांपुढे उरलाच नाही. अशा वेळी हे निर्णयतक्त्याच्या पहिल्या रकान्यात (प्रश्न ३) ठळक लिहा आणि जे खुले आहे त्यावरच मत मागा: कोणती इमारत आधी, कोणी कुठे जायचे, हमी काय. रहिवाशांनी कायद्याला न्यायालयात आव्हान दिले तर त्यांना सहभागातून वगळू नका.

१७. काम संपल्यावर समिती बरखास्त करायची का?

दोष-दायित्वाची मुदत, म्हणजे काम झाल्यावर दिसलेले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायचा काळ, संपेपर्यंत तरी नाही. बऱ्याच करारांत ती वर्षभराची असते आणि गळती नेमकी पहिल्या ऋतुचक्रात दिसते. प्रश्न २ मधला ओलीचा तक्ता याच काळात पुन्हा घरोघरी द्या. मुदत संपण्याच्या सहा आठवडे आधी समिती आणि कंत्राटदार यांनी मिळून प्रत्येक मजल्याची फेरी घ्यावी, दोषांची यादी दोघांच्या सहीने करावी आणि ते दोष निघेपर्यंत कंत्राटदाराची राखून ठेवलेली रक्कम सोडू नये.